काचेतले दोर

भावजींनी टेम्पोतून सहा खोकी उतरवली ती थेट क्लबच्या गोदामाच्या दारात, जायची-यायची वाट अडवून. सोबत ताई होती आणि दुकानाच्या नावाचा बॅनर होता.

"आधी फोटो," भावजी म्हणाले.

"आधी तपासणी," धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे ताईची बहीण; ती क्लबच्या चढाईच्या भिंतीवर मुलांना शिकवायची. पंधरा दिवसांनी परदेशात डोंगरावर मुलांचं शिबिर होतं. चाळीस मुलांसाठी सामान आणि बक्षिसं जमवून न्यायचं काम तिच्याकडे आलं होतं. भावजींचं खेळाच्या सामानाचं दुकान. ताईने शब्द टाकला म्हणून ते तयार झाले होते आणि तसं त्यांनी फोनवर तीनदा ऐकवलंही होतं.

पहिल्या खोक्यात चषक निघाले. त्यांच्यावर दुकानाचं नाव ठसठशीत, 'प्रथम क्रमांक' मुंगीएवढा. बूट मात्र नवे होते, चांगले होते. मग तिने दोर काढले, आठ. एकेक दोर बोटांमधून सरकवत गेली. रंग एका बाजूने विटलेला, वरचं आवरण कडक. टोकाला दोर बनवल्याचं वर्ष छापलेली पट्टी असते. आठही दोरांची पट्टी कापलेली.

"हे कुठले?"

"दुकानातले. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"दर्शनी काचेत टांगले होते तेच ना? पाच वर्षं तरी झाली."

"मग? नुसते टांगले होते. कुणी लटकलं नव्हतं त्यांना."

"ऊन खाऊन खाऊन मेलेत ते. पोर पडलं तर तुटतील."

"फुकटही पाहिजे आणि वर मिजासही!" भावजींचा आवाज चढला. "तिकडच्या पोरांना काय कळतंय नवं-जुनं?"

ताई मध्ये पडली. "घे ना गं मुकाट्याने. तिकडे जाऊन वापरू नकोस, झालं."

"आणि मी नसताना कुणी वापरले तर?"

धाकटीने टेबलावरचा कटर उचलला आणि पहिला दोर मधोमध कापला.

"माझा माल आहे तो!"

"दिलात ना? मग आता माझा."

भावजी अंगावर धावले. ताईने त्यांचा दंड धरला. टेम्पोवाला तोंड उघडं टाकून बघत होता. धाकटी थांबली नाही; आठही दोरांचे तुकडे करूनच तिने कटर ठेवला.

भावजींनी चषक, बूट, हेल्मेट, सगळं परत टेम्पोत टाकलं. ताई बॅनर गुंडाळत म्हणाली, "चार लोकांत त्यांची शोभा केलीस. लक्षात ठेवीन."

शिबिर झालं. तिथल्या संस्थेकडे धड असे चारच दोर होते. मुलं तासन्‌तास रांगेत उभी राहायची आणि कंटाळून भांडायची. शेवटच्या दिवशी स्पर्धेत पहिली आलेली मुलगी धाकटीसमोर येऊन उभी राहिली. "मला काय मिळणार?" धाकटीला भावजींचा राग आला, त्या मुलीचाही आला. निदान बूट तरी अडवून ठेवायला हवे होते, असं तिला वाटत राहिलं. दोरांबद्दल तसं एकदाही वाटलं नाही.

परतल्यावर ती ताईकडे गेली. ताईने दार अर्धंच उघडलं.

"ते घरात नाहीत."

"मी तुला भेटायला आलेय, ताई."

"माहितीये," ताई म्हणाली आणि दारावरचा हात तिने काढला नाही.