खांबेट्यांचं खुराडं

"धरा की साहेब. कोंबडी आहे, वाघ नाय," दत्ताराम म्हणाला.

खांबेट्यांनी धरली नाही. त्यांनी फूटपट्टी पुढे केली. दत्तारामच्या काखेत मापासाठी आणलेली तांबडी कोंबडी मान बाहेर काढून बसली होती, आणि शिंप्याने नवऱ्या मुलाचं घ्यावं तसं तिचं माप चाललं होतं. चोचीपासून शेपटापर्यंत सोळा इंच. बसल्यावर पाठीची उंची नऊ. खांबेट्यांनी आकडे वहीत टिपले आणि चष्मा सारखा केला.

"आता तिला पंख पसरायला सांगा."

"मी सांगू? तुम्ही सांगा. शिकलेले तुम्ही."

कोंबडीने दोघांचंही ऐकलं नाही. फूटपट्टीवर साधारण दोन इंच शिटून तिने आपला अभिप्राय दिला.

मधुकर खांबेटे भांडुपच्या एका पंपाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. मुलुंडच्या त्या गल्लीत त्यांच्याबद्दल सांगत, की दुपारी बारा वाजता सगळ्यांची सावली पायाखाली जाते, यांची तेवढी काटकोनात पडते. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीआधी यांना दाराची चौकट तिरकी असल्याचं दिसलं, असंही सांगत. त्यातली सावली लोकांनी रचलेली. चौकटीची गोष्ट मात्र खरी होती, कारण ती त्यांची बायको शुभा स्वतःच सांगायची. कुठल्या कुठल्या गावच्या विहिरींवर चालणाऱ्या पंपांची पोटं खांबेट्यांनी कागदावर काढली होती, पण त्यातला एकही पंप पाणी ओढताना त्यांनी पाहिला नव्हता. ड्रॉइंग साहेबांकडे जायचं, लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यायचं, की पुन्हा दुरुस्ती. चूक कागदावर सापडली तर रबराने जाते, लोखंडात सापडली तर नोकरी जाते, हा त्यांनी शिकलेला एकुलता एक मंत्र.

कोंबडीचं कारण आत पलंगावर होतं.

पंच्याऐंशी सालच्या गणपतीआधी शुभाची छाती धरली. दुखण्याचं नाव घरात कुणी घेत नसे. इंजेक्शनं संपली, गोळ्या चालू राहिल्या. डॉक्टर म्हणाले, औषध आपलं काम करतंय, पण ते पेलायला बाईंच्या अंगात काही उरलेलं नाही; रोज दोन अंडी द्या. खांबेट्यांच्या सात पिढ्यांत अंडं उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. ते आलं, वर्तमानपत्राच्या तीन घड्यांतून. टरफलं पुन्हा कागदात शिरून, ब्रीफकेसमध्ये डब्याला खेटून बसून भांडुपला जायची आणि कारखान्याच्या कचऱ्यात पडायची. एवढं करूनही उपयोग नव्हता. दुकानातल्या अंड्याचा शुभाला वास यायचा. दोन घास पोटात गेले की तिसऱ्याला सगळं बाहेर. वजन अडतीस किलोवर आलं.

मग पोळ्या करायला येणाऱ्या सुगंधाने, म्हणजे दत्तारामच्या बायकोने, नाहूरच्या आपल्या चाळीतून एक अंडं पदरात बांधून आणलं. "वयनी, खावा. सकाळीच घातलेला हा. वास मारूचा नाय." शुभाने खाल्लं, आणि ते पोटात राहिलं.

सुगंधाकडे कोंबड्या दोन आणि तोंडं सहा. तिच्याकडून रोज किती घेणार? तेव्हा आपल्याच अंगणात कोंबड्या पाळायचं ठरलं. दत्ताराम गिरणीत सुतारखात्याला होता; संपात गिरणी गेली तेव्हापासून मिळेल ते काम करायचा. तो म्हणाला, "तीन कोंबड्या आणतो. खुराडं रविवारी ठोकून देतो."

"या रविवारी नको," खांबेटे म्हणाले. "आधी ड्रॉइंग होऊ दे."

ड्रॉइंग झालं. दसऱ्याला झालं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कोंबडीगृह, क्षमता ३'. मग खांबेट्यांच्या लक्षात आलं की छपराचा उतार पश्चिमेला आहे आणि पाऊसही पश्चिमेकडूनच येतो. दुरुस्ती क्रमांक एक. कुंपणापाशी मुंगूस दिसलं. ते जमीन उकरून खालून शिरलं तर? दुरुस्ती दोन, खाली पक्की फळी. हवा खेळती हवी, पण वारा लागता कामा नये, ही तिसरी. दिवाळी आली नि गेली. दत्ताराम दर रविवारी हातोडी घेऊन यायचा, चहा पिऊन हातोडी घेऊन परत जायचा.

"साहेब, माझ्या आवशीचा कोंबडा गोव्याच्या बोटीचा भोंगा ऐकून बांग द्यायचा," तो एकदा म्हणाला. "बोट बंद पडली, तर तीन वर्षं मुका झाला. शेवटी गावचा पोस्टमन सायकलची घंटी वाजवायचा तेव्हा गाव उठायचं."

"मग?"

"मग काय? त्याचं खुराडं म्हणजे उलटी टोपली आणि वर दगड. प्लॅन काय कुणी काढला नव्हता."

"टोपलीला हवा कुठून मिळते?" खांबेट्यांनी वही उघडत विचारलं. दत्तारामने कपाळावर हात मारला.

चौथी दुरुस्ती सगळ्यांत जड गेली. अंडं घातलं की ते आपोआप घरंगळत पुढच्या खणात यावं, म्हणजे कोंबडीच्या खाली हात घालायला नको. पण उतार किती? जास्त झाला तर अंडं फुटेल, कमी झाला तर जागचं हलणार नाही. अंडं वाया घालवणं शक्य नव्हतं, म्हणून खांबेट्यांनी लिंबू घेतलं. जमिनीवर पाट, पाटाच्या एका टोकाखाली वह्या, आणि वरून लिंबू. एक वही काढ, लिंबू सोड. अर्धी वही वाढव, लिंबू सोड. लिंबू पाटावरून उतरायचं आणि पलंगाखाली जायचं. खांबेटे गुडघ्यांवर बसून ते काढायचे. गुडघे कुरकुरायचे. ऑफिसातून आल्यावर पोळी-भाजी गरम करायची, गोळ्या द्यायच्या, उशी बदलायची, आणि मग लिंबू.

शुभा कुशीवर वळून बघत राहायची.

"अहो, काय करताय?"

"तुझ्यासाठीच चाललंय, शुभा. एकदा बरोबर झालं की झालं."

"मला आज सुगंधाने आणलेलं अर्धंच गेलं."

"बारा इंचाला एक इंच उतार जमेल असं वाटतंय."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. खांबेट्यांना तिचं वळणं दिसलं. पाठीचे मणके विरल्या पातळाखालून मोजता आले असते. त्यांनी ते मोजले नाहीत. एवढी एकच गोष्ट त्या वर्षात त्यांनी मोजली नाही. लिंबू उचलून पुन्हा पाटावर ठेवलं.

संक्रांतीच्या आठवड्यातला बुधवार. सहाच्या सुमाराला ते घरी आले तर पलंग रिकामा. चादर बाजूला, चपला नाहीत. खांबेट्यांच्या हातातली ब्रीफकेस तशीच राहिली आणि ते मागच्या दाराकडे धावले. गेल्या दहा वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

अंगणात वेताच्या खुर्चीत शुभा बसली होती, अंगभर शाल. शेजारी सुगंधा उभी. समोर दत्ताराम तोंडातले खिळे काढत होता. आणि पपईच्या झाडाखाली खुराडं उभं होतं. चहाच्या दोन लाकडी पेट्या एकमेकींना ठोकलेल्या, वर कुठल्याशा दुकानाच्या पाटीचा पत्रा, पुढे मोडक्या दूधकपाटाचं जाळीचं दार. आतून कुरकुर ऐकू येत होती.

"हे कुणी सांगितलं?" खांबेटे म्हणाले.

दत्तारामने शुभाकडे पाहिलं. "वहिनींनी बोलावलंन. मी म्हटलं साहेबांना येऊ दे. त्या म्हणाल्या, साहेब यायच्या आत."

"आणि खाली? मुंगूस खालून..."

"खाली तुमचा बोर्ड घातलाय," शुभा म्हणाली. "फळी कमी पडत होती. मीच दिला."

खांबेटे वाकले. जाळीतून त्यांचा ड्रॉइंग बोर्ड दिसला. संध्याकाळच्या वर्गाला जात होते तेव्हा घेतलेला, घडीच्या टेबलावर ठेवून त्यावर घरचं जादा कामही केलेला. चारी कोपऱ्यांत पिनांची भोकं, चाळणीसारखी. तांबडी कोंबडी बरोबर मध्यावर बसली होती, जिथे कागद लावतात तिथे.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही त्याचंही ड्रॉइंग काढलं असतं."

सुगंधा पदराने खुर्चीचा हात पुसू लागली, तो स्वच्छ होता तरी.

"दोन महिने मी त्या लिंबाकडे बघतेय हो," शुभा हळूच म्हणाली. तिला मध्ये दम घ्यावा लागला. "तुम्हाला बरोबर हवं होतं. मला लवकर हवं होतं. दमले मी."

खांबेट्यांना पुष्कळ सांगायचं होतं. दार पूर्वेला हवं होतं, पत्रा तापेल, पेट्यांचा जोड उघडा आहे. हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"दत्ताराम," ते म्हणाले, "उजवीकडे दीड इंच झुकलंय."

"झुकलंय साहेब. कोंबडी पण एका पायावरच झोपते."

खांबेटे हसले नाहीत. त्यांनी ब्रीफकेस खाली ठेवली, शुभाच्या काखेत हात घातला आणि तिला उठवलं. ती इतकी हलकी उठली, की जास्त लावलेल्या जोराने तेच मागे गेले.

तीन दिवस कोंबड्यांनी नव्या जागेचा राग धरला. चौथा दिवस रविवारचा. शुभाने बाहेर बसायचं म्हटलं, म्हणून खुर्ची अंगणात आली. खांबेट्यांनी जाळीचं दार उघडलं, डोळे मिटले आणि तांबडीच्या खाली हात घातला. हाताला ऊब लागली. त्यांनी स्वतः पाणी तापवलं, घड्याळ न बघता अंडं उकडलं, सोलून बशीत घातलं.

"मीठ?" शुभा म्हणाली. तिने तळहात पुढे केला.

हातावर मीठ दिलं की भांडण होतं म्हणतात. खांबेट्यांनी चिमूट बशीच्या कडेला ठेवली.

"आता काय राहिलंय भांडायचं," शुभा म्हणाली.

तिने पहिला घास घेतला. वरच्या मजल्यावरची प्रेमाताई धुणं वाळत घालायला गच्चीत आली, खाली बघून थबकली. शुभाने बशी झाकली नाही. दुसरा घास घेतला, तिसरा. अर्ध्यावर तिने चमचा ठेवला आणि डोळे मिटले.

"जरा थांबा. जाईल उरलेलं. दम घेते."

ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. खांबेटे खुर्चीच्या त्या बाजूला गेले आणि तिच्यावर आपली सावली पडेल असे उभे राहिले. ऊन सरकलं तसे तेही थोडे सरकले.