कॉलरवाली लिंक

खोकं उघडलं, आतली वस्तू पाहिली आणि झाकण परत लावून त्यावर तळहात दाबून धरला.

"काय हो भाऊजी, विंचू निघाला का आत?" वहिनी काउंटरमागून म्हणाली. थोरला भाऊ गेल्यापासून गॅरेजचं काउंटर तीच सांभाळते, आणि माझं तोंडही तीच सांभाळते, नाहीतर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं.

विंचू परवडला असता. विंचू आपण बनवलेला नसतो.

खोक्यात शॉकॲब्सॉर्बरच्या दोन लिंका होत्या. जुन्या गाड्यांचा शॉक आजच्यासारखा उभा नळा नसतो. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एक जड पेटी बोल्टनं बसवलेली असते, तिच्यातून एक लोखंडी हात बाहेर येतो आणि तो हात खाली एक्सलला वीतभर दांडीनं जोडलेला असतो. ती दांडी म्हणजे लिंक. चाक खड्ड्यात उतरलं की लिंक हाताला खाली ओढते आणि पेटीतलं तेल धक्का गिळतं. बस, एवढंच. यात गूढ काही नाही. पण जुन्या गाड्यांच्या शौकिनांना यातही देव दिसतो.

गाडी घड्याळवाल्या अण्णांची. वय चौऱ्याहत्तर. चार महिन्यांपूर्वी उतारावरच्या वळणावर त्यांची गाडी रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर आपटली. अण्णांच्या खांद्याचं हाड मोडलं. मागच्या डाव्या शॉकचा हात मुळापासून तुटलेला होता. विम्यासाठी माझं मत मागितलं गेलं. मी लिहून दिलं, 'हात धडकेत तुटला. चालकाने वळण उशिरा घेतले.' सही, शिक्का. सगळं मिळून दहा मिनिटं. म्हातारा माणूस, जुनी गाडी, आणखी काय बघायचं?

अण्णांच्या मुलीनं चाव्या काढून घेतल्या. ती दातांची डॉक्टर. गाडी ठीक करून विकायची असं तिनं ठरवलं. घेणारा शनिवारी येणार होता.

लिंका निवडायला ती मागच्या आठवड्यात आली होती. मी तीन प्रकार पुढे ठेवले. पहिल्यातलं रबर कोरं असूनही नख लावलं तर भेगा दाखवत होतं. दुसरी दोन्ही टोकांना गोळीचा सांधा असलेली, लांबी कमीजास्त करता येणारी. दिसायला अवलक्षणी, पण कामाची. तिसरी फक्त यादीतल्या फोटोत होती, आणि फोटो नखाएवढा. खाली लिहिलं होतं, 'मूळ नमुन्यावरून हुबेहूब. मधली कॉलर ही त्या काळच्या इंजिनिअरांची खास रचना.'

"दुसरी घ्या," मी म्हणालो.

"काका, ती कवळी आहे. मला अस्सल दात हवा. घेणारा आधी खाली वाकून बघणार. आणि बाबांनीही गेल्या वर्षी हीच हुबेहूब जोडी मागवून स्वतः बसवली होती."

"मग घ्या कॉलर. इंजिनिअर काय, मेले की सगळेच शहाणे होतात."

आता ती जोडी माझ्यासमोर होती. मी झाकण पुन्हा काढलं. दांडीच्या मधोमध कॉलर, म्हणजे जाडसर कड्यासारखा भाग, एका बाजूला किंचित चपटी. चपट्या बाजूला एक तिरका ओरखडा. दोन्ही लिंकांवर, त्याच जागी, तोच ओरखडा.

तो ओरखडा माझ्या करवतीचा होता.

अठरा वर्षांपूर्वी एक आपटलेली गाडी आली होती. आधीच्या कुणी नालायकानं एक्सलवरचा ब्रॅकेट बारा मिलिमीटर वर वेल्ड केला होता. ब्रॅकेट हलवायला मालकाला वेळ नव्हता. मग मी लिंक मधून कापली, बारा मिलिमीटर काढून टाकले, वर नळीचा तुकडा, म्हणजे हीच कॉलर, सरकवून वेल्ड केलं आणि कानस मारत बसलो. तासभर. सांधा नाहीसा होईपर्यंत. करवत एकदा निसटली, तेवढी खूण राहिली. आमच्या धंद्यात असल्या जुगाडाला लाल रंग फासायचा असतो, म्हणजे पुढच्याला कळतं की हे माप या एकाच गाडीचं आहे. मी फासला नाही. मला माझ्या हाताचा माज होता. पुढे ती गाडी भंगारात गेली, आणि ती लिंक मी जुन्या अस्सल भागांच्या खणात टाकली. सुंदर झाली होती म्हणून.

"वहिनी, खणातला एखादा भाग कुणाला दिलात का कधी?"

"तो सुटे भाग बनवणारा व्यापारी आला होता ना, नमुना मागत? चारेक वर्षं झाली. तुम्हीच म्हणता, त्या खणात सगळं अस्सल आहे. एक दांडी दिली." मग तिनं माझा चेहरा पाहिला. "काय झालं?"

मी मागे गेलो आणि अण्णांच्या गाडीच्या मोडक्या भागांचं पोतं ओतलं. चार महिने ते पोतं तिथं पडून होतं आणि मी उघडलंसुद्धा नव्हतं. चिखल पुसला. तीच कॉलर, तोच ओरखडा. तुटलेल्या हाताचं तोंड उजेडाकडे धरलं. अर्धं तोंड गुळगुळीत, तेल मुरून काळं पडलेलं, अर्धं खरखरीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर. हात धडकेत तुटला नव्हता. तो महिनोन्महिने तुटत आला होता, आणि वळणावर सुटला.



व्यापाऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

"अहो मिस्त्री, दोनशे दहा जोड्या गेल्या. एक तक्रार नाही!"

"तक्रार करणारा मोरीवर आपटून पडलाय."

"अहो, पण त्या कॉलरमुळेच तर खपतात." आणि फोन ठेवला. हरामखोर. पण त्याला शिवी देताना माझी जीभ जड झाली. त्यानं फक्त नक्कल केली होती.

डॉक्टर दुपारी आली. दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर.

"बसवल्या?"

"बसवतो. तुम्ही इथं उभ्या राहा."

डाव्या बाजूला नवी पेटी लावलेलीच होती. तिला नवी लिंक बसवली, चासी जॅकवर घेतली आणि चाक हळूहळू लोंबू दिलं. चाक अजून पुरतं खाली आलंच नव्हतं, तोच टक् असा आवाज झाला. पेटीच्या पोटातून.

"हा कसला आवाज?"

"हात संपला. त्याला आणखी खाली जायला जागा नाही, आणि एक्सलचा सगळा भार आता त्या हातावर लटकतोय. प्रत्येक खड्ड्याला असंच. वर्षभर." मी दुसरी, अवलक्षणी लिंक बारा मिलिमीटर लांब करून लावली. चाक पुरतं खाली आलं. आवाज नाही.

मग सांगितलं. करवत, कानस, खण, सगळं.

तिनं लोंबत्या चाकाकडे पाहिलं. "माप दुसऱ्याच्या तोंडाचं, आणि दात बाबांना बसवला," ती पुटपुटली. मग एकदम माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही सही केलीत! चालकाने वळण उशिरा घेतले! त्या कागदावरून मी चाव्या काढून घेतल्या त्यांच्या. मी त्यांना म्हणाले, बाबा, तुमचे हात आता भरवशाचे नाहीत. तुम्हाला कळतंय का? घड्याळवाल्याला म्हणाले मी हे. त्यांनी दुकान बंद केलं, काका. चार महिन्यांत एका घड्याळाचं झाकण उघडलं नाही."

दुकान बंद झाल्याचं मला माहीत होतं. खांद्यामुळे असेल असं मी धरून चाललो होतो. माझी धरून चालायची सवय केवढ्याला पडली बघा.

मी काउंटरवर गेलो, कागद ओढला आणि सगळं लिहून काढलं. वहिनी शेजारी उभी राहून वाचत होती.

"हे जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्या गाडीवाल्यांना जाणार?"

"सगळ्यांना."

"उद्यापासून इथं कुत्रं फिरकणार नाही, भाऊजी."

"माहीतेय."

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. "सरका जरा. खाली माझीही सही हवी. दांडी मी दिली होती."

संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं कामाचं टेबल होतं, वर चादर अंथरलेली, चादरीवर औषधं. अण्णा शेजारी खुर्चीत, हात मांडीवर पालथे ठेवून बसले होते, दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिल्यासारखे.

"ये मिस्त्री. गेली का गाडी?"

"नाही अण्णा. काहीतरी वाचून दाखवायचंय."

डॉक्टर दाराशीच उभी राहिली. मी वाचलं. 'मागच्या डाव्या शॉकचा हात धडकेआधीच चिरला होता. तो बारा मिलिमीटर आखूड लिंकमुळे चिरला. त्या लिंकचा नमुना मी बनवला होता आणि त्यावर खूण केली नव्हती. चालकाने वळण वेळेवर घेतले होते. माझे आधीचे मत खोटे आहे.'

अण्णांनी मान वर केली. 

"बारा?" ते म्हणाले.

"बारा."

"अरे, बारा मिलिमीटरमध्ये बायकांच्या घड्याळाचं अख्खं यंत्र बसतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी रोज झोपेत ते वळण घेतो, मिस्त्री. रोज. आणि रोज उशिरा घेतो."

"बाबा," डॉक्टर पुढे आली, "बाबा, मी तुम्हाला..."

"तू थांब गं. तुझं नंतर." त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मिस्त्री, ते वळणाचं पुन्हा वाच. तेवढंच."

मी वाचलं.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. डॉक्टर तोंडावर हात धरून तिथंच खाली बसली. अण्णांनी डोळे मिटले आणि मान हलवली, म्हणजे चालू ठेव.