तांदळात रुतलेली सुरी

"उचलली! अगं बाई, उचलली बघ!"

जापार भगतानं सुरीची मूठ धरून बरणी हवेत उचलली होती. ना दोरी, ना कडी. सुरी नुसती तांदळात खुपसलेली, आणि भरलेली बरणी तिला लटकत होती. नारीनच्या डोंगरातल्या आमच्या गावात उरलंय कोण? म्हातारेकोतारे आणि शेंबडी पोरं. तरणीताठी सगळी रशियात मजुरीला. पोराचा फोन आला नाही की आईबाप जापारच्या दारात.

"पूर्वजांनी सुरी धरली! पोरगा खुशाल आहे. आणा मेंढा!"

जापारच्या पूर्वजांना मटण फारच आवडत असावं.

मग बुरुल आपा पुढे आली. माझी शेजारीण, विधवा. तिचा एकुलता एक उर्मात माझ्याच शाळेत शिकला. तोही रशियात गेलेला, हिवाळ्यापासून त्याचा पत्ता नव्हता. जापारनं नवी बरणी भरली, सुरी खुपसली, ओढली. सुरी सुळकन बाहेर! बरणी जागची हललीसुद्धा नाही.

"गेला तो," जापार म्हणाला. "घोडी कापून गावाला श्राद्धाचं जेवण घाल, नाहीतर आत्मा उपाशी भटकेल. मांसाचा पहिला वाटा माझा."

ती घोडी म्हणजे आपाचं सगळं. दूध तिचं आणि दिवसभर बोलायला सोबतही तिचीच.

"आपा, वेडी झालीस का?" मी म्हणालो.

"मास्तर, तुम्हीही एकटेच. तुम्हाला तरी कळायला हवं. लेकराला उपाशी कसं ठेवू?"

जेवणाच्या दिवशी घोडीचे पाय बांधलेले पाहिले आणि माझं डोकंच फिरलं. जापारची बरणी मी हिसकावून घेतली.

"मास्तर, पाप लागेल!"

"लागू दे! माझ्यामागं रडायला कोण बसलंय?"

मी सैल तांदूळ भरले. सुरी सुळकन बाहेर आली. मग बरणी जमिनीवर चांगली ठोकली, तांदूळ अंगठ्यानं दाबले, सुरी खुपसली आणि मूठ आपाच्या हाती दिली. तिनं ओढली. बरणी वर आली!

"अहो, हे घर्षण आहे," मी ओरडलो. "सैल दाणे बाजूला सरकतात, सुरी सोडून देतात. ठोकून दाबले की ते पात्याला आणि बरणीच्या अंगाला घट्ट दाबून धरतात. दाब वाढला की घर्षण वाढतं, आणि तेच बरणीचं वजन पेलतं. तुमच्या बरण्या जापार मंत्र म्हणत ठोकायचा. आपाची ठोकलीच नाही, कारण याला घोडी हवी होती!"

म्हाताऱ्यांनी जापारला शिव्या घातल्या. तो केव्हा सटकला, कळलंही नाही. आपा मात्र बरणी धरून उभीच होती. तिचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे माझा उर्मात जिवंत आहे?"

"माहीत नाही, आपा. तांदळालाही माहीत नाही."

"जापारनं खोटं का होईना, काहीतरी सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तर काहीच सांगत नाही."

खरंच होतं तिचं. मी खाली बसून घोडीचे पाय सोडले. "उद्या राजधानीला, बिश्केकला जाऊ. उर्मातसोबत जाऊन परतलेल्या पोरांना शोधू, सरकारी कचेरीत विचारू. जे कळेल ते खरं असेल, मग ते कसंही असो."

"तुम्ही याल बरोबर?"

"येईन की."

बाबांनो, ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारा. सुरीला नको, बरणीला नको. आणि शेजारी कुणी वाट बघत एकटं बसलं असेल, तर वेळेवर जाऊन त्याच्याजवळ बसा. मी हिवाळाभर गेलो नाही, म्हणून तिथं जापार जाऊन बसला.