तिसऱ्या कमानीखाली

वर्षाराणी नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत ती उदगीरजवळ मामाच्या गावी आली, तेव्हा ओढ्यावरच्या दगडी पुलाची वाट बंद झालेली होती. पूल निजामाच्या काळातला. तिसऱ्या कमानीच्या बाजूला हात जाईल एवढी भेग पडली होती. पूल पाडायचं ठरलं होतं आणि तोवर ऊस, एसटी, सगळं चौदा किलोमीटरच्या वळशानं जात होतं.

"मामा, बघून तरी येऊ."

"काय बघायचं त्यात? गेला त्यो आता," संगप्पा म्हणाले. पण चपला घालून निघाले.

वर्षाराणी पाण्यात उतरली. तासभर ती कमानीखाली दगडन् दगड चाचपत होती. वर आली तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती आणि चेहरा फुलला होता.

"भेग नुसती बाजूच्या भिंतीत आहे. पिंपळाचं मूळ आत शिरून भिंत बाहेर ढकलतंय. कमानीचा एकही दगड हललेला नाही, मामा!"

तिनं नकाशे काढले, अहवाल लिहिला, उदगीरच्या बांधकाम खात्यात तीनदा खेटे घातले. उपअभियंता साहेब माणूस वाईट नव्हता. "मॅडम, तुमचं पटतंय. पण उद्या एसटी खाली गेली तर सही माझी असेल. भिंत दुरुस्त करा. मग भार ठेवून चाचणी घेऊ. कमान वाकून परत जागेवर आली नाही, तर मी पूल पाडणार."

दुरुस्तीला दगडोबा गवंडी पुढे आले. वय त्र्याहत्तर. "जुन्या चुन्यावर सिमेंट टिकत न्हाई," त्यांनी बजावलं. चाळीस वर्षांत त्यांना चुन्याचं काम कुणी सांगितलं नव्हतं. गावानं चुन्याचा घाणा उभा केला, चुना मळला, त्यात गुळाचं अन् बेलफळाचं पाणी घातलं. मूळ काढायलाच चार दिवस गेले. दगडोबा रोज भिंतीवर पाणी मारायचे आणि कुणी जवळ फिरकलं की ओरडायचे.

फेब्रुवारीत चाचणीचा दिवस आला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या तयार होत्या. तिसऱ्या कमानीखाली फळीवर घड्याळासारखं यंत्र बसवलं होतं; दगड केसभर सरकला तरी त्याची सुई हलायची. दोन्ही काठांवर गाव लोटला होता. पुलाच्या तोंडाशी येऊन पहिल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरला.

"माझ्यानं व्हायचं न्हाई."

वर्षाराणी कमानीखाली जाऊन यंत्रापाशी उभी राहिली.

"मॅडम, बाहेर या! आकडा लांबून बघता येईल," साहेब ओरडले.

"पूल भक्कम आहे असं मी लिहून दिलंय, साहेब. मग मी लांब कशी उभी राहू?"

संगप्पांनी भाचीकडे बघितलं. धोतराचा सोगा खोचून ते ट्रॅक्टरवर चढले. "हर हर महादेव!"

डोक्यावर दगड घुमले. चुन्याची भुकटी वर्षाराणीच्या केसांवर पडली. तिची नजर सुईवरून हलली नाही. सुई एक रेघ सरकली. दुसरी ट्रॉली आली. आणखी अर्धी रेघ. मग थांबली. तासभर ट्रॉल्या तशाच उभ्या होत्या. काठावर कुणी तंबाखूसुद्धा मळली नाही.

ट्रॉल्या पुलावरून उतरल्या. सुई मागे यायला लागली. अर्धी रेघ. एक रेघ.

"शून्य!" वर्षाराणी ओरडली आणि तिचा आवाज पाचही कमानींतून घुमला. "साहेब, शून्यावर आली!"

साहेब स्वतः वाकून खाली आले, चष्मा पुसून त्यांनी आकडा बघितला आणि तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. काठावर हलगी कडाडली. संगप्पा ट्रॅक्टरवरून उतरले ते थेट भाचीपाशी. "लई भारी केलंस, पोरी," एवढंच बोलले आणि उपरण्यानं तिच्या केसांतला चुना झटकत राहिले.

साहेब दगडोबांकडे वळले. "रेणापूरच्या अंगाला असाच एक पूल आहे. तोही पाडायचं चाललंय. याल का बघायला?"

दगडोबांनी आधीच थापी पोत्यात गुंडाळायला घेतली होती. "आत्ता निघायचं का जेवून?"