मला चिकटवू नका

मी एक स्लाइड रूल. दोन पट्ट्यांमध्ये सरकणारी तिसरी पट्टी आणि वर केसाएवढ्या रेघेची काच, एवढाच माझा संसार. गुणाकार, भागाकार, वर्गमूळ सगळं करतो. शून्यं किती आणि दशांशचिन्ह कुठे, ते मात्र सांगत नाही. तेवढं माणसाच्या डोक्यात असतं, अशी मला घडवणाऱ्यांची भाबडी समजूत.

माझा धनी ड्राफ्ट्समन. पाण्याच्या टाक्यांचे आराखडे काढायचा. मी खिशातून निघालो की कार्यालयात हशा पिकायचा. साहेब तर रोज विचारायचे, "काय रे, आजोबा उठले का?"

गेल्या महिन्यात धनी अचानक गेला आणि मी एका दिवसात 'संस्थेचा अमूल्य ठेवा' झालो. त्याला जन्मात धड खुर्ची मिळाली नाही, मला मखमल आणि काचेचं कपाट मंजूर झालं. निसटून हरवू नये म्हणून माझी सरकती पट्टी गोंदाने कायमची चिकटवायचंही ठरलं.

साहेब मला न्यायला घरी आले. धन्याच्या धाकट्या भावाने मला माझ्या डब्यातून हिसकावून घेतलं.

"चिकटवताय? दादाला फोटोत बसवलंय, तेवढं पुरे नाही का?"

"अरे, पण तुला हे वापरता येतं का?"

"येतं!" तो ओरडला. शाळा त्याने कधीच सोडलेली.

"मग सांग, चोवीस गुणिले पंधरा."

दादाचे हात त्याने पाहिले होते. पट्टी बरोबर सरकवली, रेघ बरोबर लावली. "छत्तीस!"

साहेब हसले. दारातून वहिनी म्हणाली, "भावजी, आधी अंदाज. तुमचे दादा मोठ्याने अंदाज बोलायचे, मगच पट्टीला हात लावायचे."

तो थबकला. "वीस पंधरं तीनशे... म्हणजे तीनशेच्या वर. तीनशे साठ!"

साहेबांनी मोबाइल काढून खात्री केली. मग घसा साफ करून म्हणाले, "निदान डबा तरी द्या. कपाटाच्या उद्घाटनाला पाहुणे यायचेत."

वहिनीने डबा दिला. त्याला हार घातला गेला, माझ्यावर भाषणं झाली. डबा कोणी उघडला नाही.

मी मात्र रोज कामाला असतो. धाकटा मला समोर ठेवून स्वतःलाच टाक्यांची गणितं घालतो, मोठ्याने अंदाज सांगतो आणि क्षणभर थांबतो. "चूक" म्हणून रागवायला दादा आता नसतो. मग डोळे पुसून मला सरकवतो.

मला मखमल नको. फक्त त्याचा अंदाज चुकला, तर त्याला कोणीतरी रागवा.