हेल्मेट काढायच्या आत

मामांच्या फळांच्या दुकानात कलिंगड विकायची एक रीत होती. मामा बोटाने टकटक करणार, कान लावणार, "लालबुंद!" म्हणणार आणि लगेच सुरीने तिकोनी फोड काढून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवणार. पांढरी निघाली तर ते कलिंगड मामांच्या घरी. सुरुवातीला घरच्यांनी पांढरी कलिंगडं खाऊन खाऊन मामांचा कान तयार केला. आता घरी एकही येत नसे.

एवढ्यावर थांबले असते तर मामा सुखी झाले असते. पण माणसंही आपल्याला अशीच कळतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आईवेगळी भाची मामांनीच वाढवलेली. वर्षापूर्वी तिने आपल्याला आवडलेल्या एकाला मामांना भेटायला बोलावलं. रस्त्यापलीकडे त्याने स्कूटर लावली आणि तो हेल्मेट काढायच्या आत मामांचा निकाल लागला. "कच्चा आहे. परत पाठव."

"अहो, बघा तरी!" मामी म्हणाली.

"बघायचं काय? आतून आवाज आला."

भाची भांडली नाही. पोरीला पटलं, असं मामांनी धरून चाललं.

पुढे दुकानात दर रविवारी एक नवं गिऱ्हाईक यायला लागलं. पेट्या उतरवायला हात लावायचं, मामांचा विनोद दुसऱ्यांदा ऐकूनही हसायचं. मामांनी त्याचं नावच 'रविवार' ठेवलं. "चालण्यावरून ओळखला! बावनकशी. आपल्या पोरीला असा मिळायला हवा," ते मामीला सांगत. मामी केळी पुसत बसायची. केळी कधी कोणी पुसतं का, हा प्रश्न मामांना कधी पडला नाही.

आज 'रविवार' भाचीबरोबर आला. हातात हेल्मेट.

"घाल रे," भाची म्हणाली.

त्याने घातलं.

मामांचा हात कलिंगडावर होता तिथेच गोठला. "हा... तो?"

"तोच. पुढच्या महिन्यात लग्न करतोय. तुम्ही हवे आहात. पण नाही म्हणालात, तर तुमच्याशिवाय."

मामा पेटीवर बसले. पेटी द्राक्षांची होती, हेही त्यांना कळलं नाही. "एकाच माणसाबद्दल दोन आवाज? आणि दोन्ही तेवढेच खणखणीत? अगं, मी आजवर कधी चुकलो नाही!"

"परत पाठवलेल्यांचं पुढे काय झालं, बघायला गेलात कधी? कलिंगड कापता म्हणून कळतं. माणसाची फोड कधी काढलीत?"

मामांनी घाबरून मामीकडे पाहिलं. "तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आतून..."

"नको वाटलं होतं," मामी केळी पुसत म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलंय मला. त्यांनी तुमचं ऐकलं नाही म्हणून मी इथे."



"म्हणजे दुसरा आवाजही धरायचा नाही," मामा शेवटी पुटपुटले. "पण वर्षभराचे रविवार... ते तर मी खाल्लेत. गोड होते." मग हेल्मेटकडे बघून ओरडले, "काढ ते आता, जावईबापू! आणि पुढच्या महिन्यात दुकान बंद ठेवायचंय, आधी सांगा की!"

मग त्यांनी कलिंगडावर टकटक केली, जरा जास्तच वेळ कान लावला. "लालबुंद," हळूच म्हणाले आणि कापलं.

लालबुंद होतं. मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला.