मैनेचं इंग्रजी

पौषात सोयरिकीचं बोलत नाहीत, पण हुरडा खायला कोणाची ना नसते. म्हणून भातकुलीकडचे हुशार बाप पोरगा पाहायचा असला, की त्याला हुरड्याचं बोलावणं धाडतात. पटलं तर माघात बोलणी. नाही पटलं तर पाहुणा आला, हुरडा खाल्ला, गेला. ना पोरीचं नाव निघत, ना पोराचं.

खुशालरावानं पातूरच्या देवीदासला असंच बोलावलं. त्याला जावई इंग्रजी शिकलेलाच पाहिजे होता, आणि त्याचं कारण घरालाही आणि वावरालाही लागूनच होतं. किसनराव! अमरावतीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मुंबईहून कपाशीच्या भावाची तार आली, की किसनरावाचा जावई ती वाचायचा, सासऱ्याला सांगायचा, आणि सासरा ती खुशालरावाला अशी ऐकवायचा, जणू मुंबईचा बाजार त्याच्याच ओसरीवर भरतो. गाडी घेऊन जावं तर भाव भलताच. किसनराव म्हणायचा, "तू पोचेलोक उतरला असंन." खुशालराव ऐकून घ्यायचा. तार इंग्रजीत, भांडतो कोणाशी?

त्या दिवशी किसनरावाला बोलावणं नव्हतं. पण गोवऱ्यांवर भाजणाऱ्या कणसांचा वास दोन वावरांमधला धुरा ओलांडून गेला, आणि वासामागं तो आला. चांगली जागा पाहून बसला, पहिला गरम घास गुळासंगं तोंडात टाकला आणि पाहुण्याकडं वळला.

"काय बापू, इंग्रजी कुठलोक?"

"सातवीलोक, मामा."

"मंग परीक्षा घ्याच लागते."

किसनरावाला स्वतःला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. परीक्षा घ्यायला त्याची गरज पडत नाही.

"कावळा?"

"क्रो."

"चिमनी?"

"स्पॅरो."

"पोपट?"

"पॅरट."

दर उत्तराला किसनराव डोळे मिटून मान हलवी, आणि दर मानेगणिक खुशालराव बोटभर उंच होई. तेवढ्यात जवारीवर मैनांचा थवा उतरला. किसनरावानं हातातलं कणीस तिकडं रोखलं.

"मैना?"

"मैना," देवीदास म्हणाला.

"आरे, थे तं मलेई येते. इंग्रजीत सांग."

"इंग्रजीतई मैनाच म्हन्तेत, मामा."

किसनराव असा हसला, की तोंडातले दाणे बाहेर आले. "खुशाल, आयकलं का? ज्या सायबानं आगगाडी आनली, त्याले एका पाखराचं नाव नाई सुचलं!"

"हे पाखरू त्याच्या मुलखात नोयतं," देवीदास म्हणाला. "इथं आल्यावर पायलं, तं इथलंच नाव उचललं. पिंजऱ्यातल्या बोलक्या मैनेलेई तेच म्हन्तेत. आमच्या मास्तरानं पुस्तकात दाखवलं."

"माह्या जावयानं मले दुसरंच सांगतलं होतं. मायनेट का काय. चांगलं लंबं होतं."

राखणीच्या माळ्यावरून खुशालरावाची लग्नाची पोर जमुना ओरडली, "बाबा, पाखरं जवारी खाऊन रायले, आन् तुमी त्यायचे नावं इचारून रायले!" तिच्या गोफणीचा खडा सूं करत गेला आणि थवा उठला. किसनरावाचं हसू मात्र बसूनच होतं.

खुशालरावाला पुढचं दिसलं. माघात गावभर होईल, खुशालरावानं मैनेचं इंग्रजी न येणारा जावई केला. त्यानं पाहुण्याला वाट काढून दिली.

"बापू, आठवून पाय. एखांदं लंबं नाव असंन. तू म्हनशीन थे आमी मानू."

"असतं तं सांगतलं असतं, मामा."

"बरं, जवारीवर पडते थे भोरडी?" खुशालरावानं दुसरं पाखरू धरलं.

"थे नाई येत."

"अंदाजानं सांग!"

"तुमाले कोनालेच येत नाई. मी काईबी सांगतलं तं तुमी धरून चालसान," देवीदास म्हणाला. "मंग खोटं कायले सांगू?"

खुशालराव हुरडा चोळता चोळता थांबला. जिनात कपाशी विकता विकता त्याची उभी हयात गेली होती. कपाशीवर पाणी शिंपडून वजन वाढवणारे त्यानं पाहिले होते. कोणी पाहत नसतानाही कोरडाच कापूस आणणारे फार थोडे. आणि जिनाच्या भिंतीवरची ती तार... ती वाचणारा काय सांगतो, हे तरी तिथं कोण तपासतं?

"पाहुना नापास," किसनराव उठत म्हणाला. "पन हुरडा फस्कलास." आणि जाताना कणसं धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेला.

देवीदासही रामराम करून गाडीवाटेला लागला. खुशालराव माळ्याखाली येऊन उभा राहिला.

"जमने, पोरगं एका पाखरावर अडलं वं."

"तुमी दोघं तं समद्यायवरच अडले असते, बाबा," वरून आवाज आला.

दिवेलागणीला घरी बायको गोदाबाई वाटच पाहत होती. "किसनभाऊजी गावभर सांगून रायले. पाहुन्याले इंग्रजी येत नाई म्हन्तेत. खरं का?"

"येते. जेवढी येते तेवढीच सांगते."

"मंग आता कसं?"

खुशालराव पाय धुवायला बसला. किसनरावाच्या ओसरीवरून अजून हसण्याचा आवाज येत होता. त्यानं तो नीट ऐकून घेतला.

"साक्षगंधाच्या तयारीले लाग."

"आवो, पौषात सोयरिकीचं?"

"बोलू नोको कोनाले. डाळ निवडाले काय पौष आडवा येते का?"